ताणावर सोडलेलं झाड

आमच्या बागेच्या उत्तरेला काळी माती संपते आणि बरड सुरू होतं. त्या हद्दीवर, बांधाला लागून, ते उभं आहे. संत्र्याचं झाड, वय तेवीस वर्षं, उंची पंधरा-सोळा फूट. फांद्यांचा कल आडवं पसरण्यापेक्षा वर जाण्याकडे, त्यामुळे लांबून पाहिलं की कुणी ओंजळ वर धरून उभं राहिल्यासारखं दिसतं. बुंध्याला मांडीइतक्या उंचीपर्यंत बोर्डो मलमाचा निळसर लेप, नीट नेसलेल्या धोतरासारखा. पश्चिमेकडच्या फांद्यांच्या सालीवर जुने व्रण. आणि जमिनीपासून वीतभर वर, बुंध्याला, एक गाठ. ती गाठ पाहिल्याशिवाय या झाडाची ओळख पुरी होत नाही.

घरात त्याला ‘बांधावरचं’ म्हणतात. दुसरं एक आहे, ‘विहिरीजवळचं’. दोघं एकाच दिवशी, एकाच गाडीतून आले, २००२ च्या पावसाळ्यात. दोघांचं वागणं मात्र वेगळं निघालं, आणि तो वेगळेपणा कळायला मला दहा वर्षं लागली.

पांढुर्णा आणि सौंसर हे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे दोन तालुके. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या ओळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचा झेंडा रोवून पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते, तेव्हा या ओळींतली फळं हिरवीगार असतात. दिवाळीच्या आसपास ती रंग धरू लागतात. मग पहिल्या तोडीची पाच फळं आमच्याकडून जामसावळीच्या हनुमानाला जातात. आमची वर्षं कॅलेंडरापेक्षा या झाडांच्या रंगावर जास्त चालतात.

संत्रावर्गाच्या झाडांचं मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी. तिथून ती जगभर गेली. नागपूरकडे संत्रं आलं ते अठराव्या शतकात, भोसल्यांच्या काळात, औरंगाबादेकडून, असं सांगतात. आमच्या बांधावरचं मात्र आलं शेंदूरजनाघाटहून. तो वरूड तालुका, महाराष्ट्र. आमच्या शेतापासून राज्याची हद्द जवळ आहे आणि कलमं आणायला तिकडंच जायची इकडच्या लोकांची रीत आहे. तिथल्या पन्हेऱ्या, म्हणजे कलमांच्या रोपवाटिका, साऱ्या संत्रापट्ट्यात नावाजलेल्या.

पन्हेरीत आधी जंभेरी पेरतात. जंभेरी म्हणजे खरबरीत सालीचं आंबट लिंबू. काटेरी, चिवट, मिळेल त्या मातीत पाय रोवणारं. तिचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की बुंध्याच्या सालीत छोटा काप घेतात, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढून त्या कापात सरकवतात आणि पट्टीनं बांधतात. याला आमच्याकडे डोळा बांधणं म्हणतात. डोळा जिवंत धरला की त्याच्या वरची जंभेरी कापून टाकायची. पुढं वाढतं ते संत्रं. जंभेरी उरते फक्त मुळांत.

ती वीतभर उंचीवरची गाठ म्हणजे हा सांधा. सांधा मातीखाली जाऊ द्यायचा नाही, पाण्यातही बुडू द्यायचा नाही. बुडला की डिंक्या लागतो, सालीतून डिंक पाझरायला लागतो आणि झाड बुंध्यापासून सडत जातं. म्हणून बुंध्याभोवती दुहेरी आळं करतात. आतल्या कड्यात माती चढवलेली, पाणी बाहेरच्या कड्यात. पाणी मुळांना मिळतं, बुंधा कोरडा राहतो.

जंभेरीचं नाव फळाच्या पेटीवर कधीच नसतं. फळ नागपुरी, वास नागपुरी, भाव नागपुरी संत्र्याचा. जमिनीतून पाणी ओढणारी, दगडात वाट काढणारी, उन्हाळे काढणारी मुळं मात्र तिची. माझी आई चौथीपर्यंत शिकली, आजी शाळेत गेलीच नाही. मी पांढुर्ण्याहून नागपूरला शिकायला गेले तेव्हा हुशार पोर म्हणून कौतुक माझं झालं. त्या दोघींनी आपापले शेंडे कापून दिले होते, हे मला त्या गाठीशी बसल्यावर समजलं.

दुसऱ्याही एका अर्थानं हे झाड आमच्यासारखं आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळ झाली. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी व्यवहार तोच राहिला. मूळ एक आणि शेंडा दुसरा. यात कमीपणा नाही, हे मला या झाडाकडून शिकता आलं. सांधा नीट जपला तर दोन स्वभाव एकाच बुंध्यात राहतात आणि फळही धरतात.

कलम लावल्यावर पहिली काही वर्षं त्याच्याकडे कुणी पाहुण्याला नेत नाही. सहा मीटरवर दुसरं झाड, हेक्टरी २७७ झाडं, मधली जागा मोकळी. तिथं भाजी, हरभरा, तूर. झाड आपलं मुळं पसरत असतं, आणि मुळं दिसत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बांधावरच्याला पहिली फुलं आली तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीवर आले होते. मला कोण आनंद! आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती फुलं आणि बारीक फळं एकेक करून खुडून टाकली.

मी म्हटलं, ‘‘आबाजी, असं काऊन करता?’’

‘‘लेकरू अजून लेकरू हाये,’’ ते म्हणाले. ‘‘आताच वझं देलं त वाढ खुंटते. पाचव्या-सहाव्या वर्षी देते ते, अन् मग वीस वर्ष देते.’’

मी त्या खुडलेल्या फुलांचा वास ओंजळीत घेऊन घरी गेले. तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता. पदवी झाली की लगेच राज्यसेवेची परीक्षा, पहिल्या फटक्यात पास, पंचविशीच्या आत खुर्ची. आबाजी झाडाला पाच वर्षं देत होते. मी स्वतःला एकच वर्ष दिलं होतं.

तीन वर्षं गेली. दोनदा मुख्य परीक्षेत अडले, तिसऱ्यांदा त्याच्याही आधी. २०१२ च्या डिसेंबरात मी पुस्तकांचं खोकं घेऊन घरी परतले. वय सव्वीस. लोक विचारायचे ते मायेनंच विचारायचे, पण प्रत्येक प्रश्न अंगाला लागायचा. सकाळी उठावंसं वाटत नसे. अभ्यास कशासाठी करायचा हेच कळेना. वाढ थांबली, आता आपलं काही होत नाही, असं मनानं धरलं होतं.

आबाजींनी एकच काम सांगितलं. ‘‘बाग ताणावर सोडली हाये. रोज दुपारी जाऊन पान पाह्य अन् मले सांग.’’

ताण हा शब्द तेव्हा मला फक्त माझ्या छातीत माहीत होता. बागेतला ताण काय असतो ते मी त्या महिन्यात शिकले.

संत्र्याला वर्षात तीनदा फुलायची ओढ असते. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार, पावसाच्या सुरुवातीला मृग, आणि त्यानंतर हस्त. पाणी आणि खत सतत मिळत राहिलं तर झाड पालवी काढत राहतं, अधूनमधून थोडं थोडं फुलतं, पण भरून कधीच फुलत नाही. म्हणून बागवान पाणी तोडतो. आंबिया धरायचा तर डिसेंबरात पाणी बंद. ओळींमधून हलकी वखरणी करतात, म्हणजे वरची माती सुकते. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने झाडाला थेंब द्यायचा नाही. पानांची तकाकी जाते, रंग उतरतो. भर दुपारी पानं कडेनं वळतात. मग काही पानं गळतात, चारातलं एखादं. एवढं झालं की ताण बसला असं समजतात. मग शेणखत, खत आणि पहिलं हलकं पाणी. काही दिवसांनी दुसरं, जरा भरून. मग पानांच्या बगलांतून टाचणीच्या डोक्यासारख्या कळ्या.

जगात हे एवढ्याच बागांत होतं असं नाही. इटलीतल्या सिसिली बेटावर लिंबाचे बागायतदार भर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात आणि मग देतात. त्यातून बिनमोसमी फुलोरा येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात हिरवी लिंबं हाती लागतात. दूरच्या दोन गावांनी एकमेकांना न विचारता झाडाकडून एकच गोष्ट शिकून घेतली.

बारा-पंधरा दिवस मी रोज दुपारी जात होते. बांधावरचं बरडावर असल्यानं सगळ्यांत आधी उतरलं. ताणाच्या विसाव्या दिवशी त्याची पानं वळलेली, मळकट, जणू आजारातून उठलेल्या माणसाचे हात. खाली गळलेल्या पानांचा थर. माझ्यानं बघवेना. मी धावत घरी आले.

‘‘आबाजी, बांधावरचं मरून राह्यलं. पाणी सोडा.’’

ते ओसरीवर बसले होते. उठले नाहीत.

‘‘मरून नाई राह्यलं, पोरी. जमा करून राह्यलं.’’

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. बांधावरच्याची एक काडी त्यांनी वाकवून दाखवली. काडी लवली, तुटली नाही. नखानं सालीला ओरखडा काढला तर आत हिरवं. मग त्यांनी समजावलं, आणि पुढं मी ते कृषी शास्त्राच्या पुस्तकांतही वाचलं. पाणी बंद झालं की नवी पालवी थांबते. पानं मात्र उन्हात आपलं काम करत असतात, अन्न तयार करत असतात. एरवी ते अन्न नव्या पालवीत खर्च होतं. आता खर्च बंद, म्हणून ते काड्यांमध्ये साठतं. वरून झाड सुकल्यासारखं दिसतं, आतून ते भरत असतं. नंतर पाणी मिळालं की जो डोळा एरवी पानाचा झाला असता तो फुलाचा होतो. थंडीही त्याला मदत करते.

मग ते मला विहिरीजवळच्याकडे घेऊन गेले. ते हिरवंगार, पानांवर तकाकी, शेंडे लुसलुशीत. सगळ्या बागेत देखणं. विहिरीच्या पाझरामुळं त्याच्या मुळाशी ओल कधीच हटत नसे. वखरणी करा, पाणी तोडा, त्याला ताण बसतच नसे.

‘‘याले कधी तहान लागली नाई,’’ आबाजी म्हणाले. ‘‘म्हून याले फूल सुचत नाई.’’

फेब्रुवारीत मी ते डोळ्यांनी पाहिलं. बांधावरचं पांढऱ्या फुलांनी इतकं भरलं की पान दिसेना. संध्याकाळी वास बांध ओलांडून रस्त्यावर यायचा, मधमाश्यांचा आवाज दिवसभर. विहिरीजवळच्यावर कुठं कुठं एखादा गुच्छ. एकाच पन्हेरीतली, एकाच दिवशी लावलेली दोन झाडं.

ताणाची गोष्ट इथंच संपवली तर अर्धी राहील, आणि अर्धी गोष्ट घातकी असते. आबाजींचा दुसरा धडा पहिल्यापेक्षा मोठा होता. ताण मोजून द्यायचा असतो. बरडावरच्या झाडाला महिना पुरतो. तोच हिशोब काळ्या मातीत धरला तर ताण बसतच नाही आणि काळ्या मातीतला दोन महिन्यांचा हिशोब बरडावर धरला तर शेंडे वाळायला लागतात, झाड खरंच जातं. शेजाऱ्याच्या बागेचे दिवस आपल्या बागेला लागू होत नाहीत. आपल्या मातीची ओल आपणच हातात घेऊन बघायची. आजारी झाडाला तर ताण देतच नाहीत. ज्याच्या मुळाला सड लागली आहे, ज्याच्या पानांवर कोळशीचा काळा थर आहे, त्याला आधी औषध, खत, पाणी. तहान सोसायची ताकद येऊ द्यायची.

पोरांना पाहते तेव्हा मला हे आठवतं. आता मी शाळेत शिकवते. काही पालक म्हणतात, कष्ट सोसले पाहिजेत, आम्ही सोसले. बरोबर. पण कुठल्या मातीत, किती दिवस, आणि पाणी कधी? पाण्याची तारीख ठरलेली नसेल तर तो ताण नाही, दुष्काळ आहे.

बांधावरच्या झाडाचा स्वभाव सांगायचा तर त्याच्या दोन शत्रूंची ओळख करून दिली पाहिजे. दोन्ही त्याच्या अंगातूनच निघतात.

पहिला पाणसोट. पावसाळ्यात जुन्या जाड फांदीतून एखादा कोंब सरळ आभाळाकडे निघतो. जोमदार, टपोरी पानं, बघता बघता हात-दीड हात. नवख्याला वाटतं, वा, काय वाढ! त्याला फळ मात्र लागत नाही. इतर फांद्यांच्या वाट्याचं अन्न तो एकटा खातो. जाणता माणूस तो कोवळा असतानाच बोटांनी मोडून टाकतो. मोठा झाला की कात्री लागते आणि जखम राहते. कधीकधी सांध्याच्या खालूनही काटेरी फुटवा येतो. ती जंभेरी, डोकं वर काढू पाहते. तिलाही वेळीच आवरावं लागतं, नाहीतर ती वरचं संत्रं मागं टाकून स्वतःच झाड होते.

नागपूरच्या त्या तीन वर्षांत माझे पाणसोट किती होते ते मी मोजले. एकाच वेळी तीन वेगवेगळ्या परीक्षांचे अर्ज, दर महिन्याला नवं वेळापत्रक, नव्या पुस्तकांची खरेदी. सगळं जोमानं वाढत होतं आणि फळाची जागा कुठंच नव्हती.

दुसरा शत्रू सल. तोड झाली की झाडावर वाळक्या काड्या राहतात. फळाच्या भारानं दमलेल्या, आतून मेलेल्या. त्यांना सल म्हणतात. सल तशीच ठेवली तर तिच्यात रोगाची बुरशी वस्ती करते आणि पुढच्या वर्षी फळांच्या देठाशी उतरते, गळ होते. म्हणून तोडीनंतर, पाऊस सुरू व्हायच्या आत, जिवंत भागाचा थोडा तुकडा घेऊन सल कापायची, बागेबाहेर नेऊन जाळायची आणि कापल्या जागेवर बोर्डो लावायचा.

मनात रुतून बसलेल्या दुखऱ्या आठवणीलाही मराठीत सल म्हणतात. माझ्या भाषेनं वाळलेल्या काडीला आणि न विसरलेल्या अपमानाला एकच शब्द ठेवला, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते कात्री हातात असताना. निकालाच्या दिवशी एका माणसानं मला जे म्हटलं होतं ते तीन महिने माझ्यात वाळून बसलं होतं. ओढून मोडलं तर साल सोलते. जिवंत भागापर्यंत स्वच्छ कापावं लागतं, आणि नंतर मलम. त्या उन्हाळ्यात मी माझे तीन वर्षांचे पेपर आणि गुण समोर घेऊन बसले. कुठं काय चुकलं ते पानभर लिहून काढलं, आणि त्या माणसाचं बोलणं त्या पानात कुठंच बसेना. तिथं ते संपलं.

इथं शब्दांनी मला पकडलं. पन्हेरी, डोळा, पाणसोट, सल, ताण, बहार धरणं. हे शब्द आबाजींच्या तोंडी होते, तोडीला येणाऱ्या बायांच्या तोंडी होते, आणि मी ज्या दोन भाषांतून शिकले त्यांतल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला भेटले नव्हते. ठिबकच्या नळ्या आल्या तसा दुहेरी आळं हा शब्द नव्या पोरांच्या बोलण्यातून जायला लागला होता. मी एका जुन्या वहीत ते लिहून ठेवायला लागले. पुढं शाळेत नोकरी मिळाली. आणि नोकरी करता करता पांढुर्णा-सौंसरच्या शेतीच्या बोलीवर पीएच.डी. करायची असं ठरवलं. खुर्चीचं जुनं ध्येय मी सोडलं. वर्षात एकच बहार धरावा लागतो. आंबिया आणि मृग दोन्ही एकाच झाडावर धरले तर झाड दोन-तीन वर्षांत थकतं, शेंडे मरतात, फळ बारीक होतं. मृग धरायचा की आंबिया, हे ज्याच्या-त्याच्या विहिरीतल्या पाण्यावर ठरतं. मी माझं पाणी पाहून ठरवलं.

बांधावरच्याची सगळी वर्षं भरलेली होती असं नाही. एवढी फुलं येतात, त्यांतली बहुतेक गळतात. शंभर फुलांमागं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं टिकतात. मे महिन्याच्या उन्हात सुपारीएवढी फळं पडतात तेव्हा नवा बागवान घाबरतो. झाड आपल्या ताकदीएवढंच ठेवतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात गारपीट झाली. आमच्या बागेत पंधरा मिनिटांत आंबियाचा फुलोरा जमिनीवर होता. बांधावरच्याच्या पश्चिमेच्या फांद्यांची साल जागोजागी फाटली. ते व्रण आजही आहेत. दुसऱ्या सकाळी आबाजी बादलीत चुना आणि मोरचूद कालवत होते. फुलांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. प्रत्येक जखमेवर लेप लावला. त्या वर्षी फळ नव्हतं, तरी खत तेवढंच दिलं, पाणीही वेळेवर.

‘‘यंदा काहीच नाई येणार, मग एवढं काऊन?’’ मी विचारलं.

‘‘यंदाचं खत यंदासाठी नसते.’’

पुढच्या आंबियाला ते झाड पुन्हा पांढरं झालं.

फळ भरपूर येऊनही हात रिकामे राहिलेली वर्षं पाहिली. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि भाव कोसळले. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. फळाचा भाव झाडाच्या हाती नाही, माझ्याही नाही. सांधा कोरडा ठेवणं, सल कापणं, पाणसोट मोडणं, दिवस मोजणं, एवढं हातात आहे. आबाजींनी आयुष्यभर तेवढंच केलं.

ते २०१९ मध्ये गेले. त्याआधीच त्यांनी बांधावरच्याच्या निरोगी काड्या निवडून, त्यांचे डोळे बांधून, काही कलमं करून ठेवली होती. बागेत झाडं मेलेल्या जागा, ज्यांना आम्ही नांग्या म्हणतो, त्या भरायला. आता ती कलमं सहा-सात वर्षांची आहेत. विहिरीजवळचंही अजून आहे. आम्ही त्याच्याभोवती चर खोदून पाझर वळवला, तेव्हापासून तेही बऱ्यापैकी फुलतं. स्वभाव मातीतून आणि पाण्यातून येतो, आणि पाणी वळवता येतं, हे त्यानं दाखवून दिलं. मी मनात त्याला आळशी म्हणत आले होते, ते आता मागं घेतलं आहे.

माझा प्रबंध सात वर्षं चालला आहे. चौथं प्रकरण, संत्र्याच्या बागेतल्या शब्दांचं, गेले दीड महिने पुढं सरकलं नाही. पूर्वी असं झालं की मी स्वतःला कोसायची. या वेळी मी लिहायला बसलेच नाही. तोडीच्या बायांबरोबर बागेत हिंडले, त्यांचं बोलणं ऐकलं, फळ मोजताना त्या काय म्हणतात ते टिपलं. वही भरत आली आहे.

आज डिसेंबरातली दुपार आहे. बाग ताणावर सोडून बावीस दिवस झाले. शाळेतून येताना मी बांधाकडून वळले. बांधावरचं उतरलंय. पानं कडेनं वळली आहेत, हात लावला तर कागदासारखी वाजतात. पायाखाली पिवळी पानं. ओरखडा काढून पाहिला, आत हिरवं आहे. मूठभर माती उचलून दाबली. गोळा होत नाही, पण धूळही झालेली नाही. अजून आठवडा आहे.

मोटारीचं बटण विहिरीवर, पन्नास पावलांवर. मी तिकडं गेले नाही. वहीत बावीस आकडा लिहिला, शेजारी ‘पान वळलं, काडी जिवंत’ असं लिहिलं, आणि घराकडे निघाले. आज संध्याकाळी चौथं प्रकरण उघडून पाहायचं आहे.